काळ्या रानातली टाकी

वेणीमाधव मास्तरांनी होटगी रस्त्याला घर बांधायला काढलं तेव्हा सोलापूरच्या अख्ख्या चौपाड पेठेनं त्यांना वेड्यात काढलं. दारात विहीर, चार पावलांवर देऊळ, हाक मारली की शेजारी हजर, अशी जागा सोडून हा पेन्शनीत निघालेला माणूस गावाबाहेर काळ्या रानात जाऊन राहणार! तिथं संध्याकाळी बोलायला कोण, तर शेजारच्या सिद्धप्पाचे बैल. मास्तरांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विटांची गाडी मागवली. त्यांचा स्वभाव त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक होता.

लोक आधी देवघराची जागा धरतात. मास्तरांनी आधी संडासाची धरली. मुंबईहून एक इंग्रजी पुस्तक मागवलं होतं, त्यात सेप्टिक टँकची आकृती होती. पांढरं चिनी मातीचं भांडं, त्याला जोडलेला खापरी नळ, मग जमिनीखाली सिमेंटची बंद टाकी, आणि टाकीतलं वरचं पाणी जाऊन मुरावं म्हणून पुढं विटांचा शोषखड्डा. टोपली नाही, मागचं दार नाही, रोज सकाळी कुणा बाईनं येऊन आपली घाण डोक्यावरून वाहणं नाही. एकतीस वर्षं हायस्कुलात सायन्स शिकवलेल्या या माणसाला त्या आकृतीत जे दिसत होतं, ते दुसऱ्या कुणाला दिसणं कठीणच होतं.

त्यामागं एक दुःख होतं. चार वर्षांपूर्वी, चौपाडातल्या भाड्याच्या घरात, त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई विषमज्वरानं गेल्या. तेरावा झाल्यावर मास्तर एकदा मागच्या अंगणात गेले आणि टोपलीच्या संडासापासून विहिरीपर्यंत पावलं टाकत चालून आले. अकरा भरली. वर्गात 'पाणी उकळून प्या' म्हणून सांगता सांगता ज्यांचा घसा कोरडा पडे, त्या मास्तरांनी स्वतःच्या घरात कधी पाणी उकळायला लावलं नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. घर मात्र बांधायला काढलं.

आणि ते घर मालतीसाठी होतं. मालती ही त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला दिलेली. आई गेल्यापासून ती दोनदा सोलापूरला आली, दोन्ही वेळा दोन-दोन दिवस, आणि दोन्ही वेळा उतरली ती चौपाडातल्याच यशोदामावशीकडं. बापाकडं येऊन बसली, चहा करून दिला, कोनाड्यातली धूळ पुसली आणि गेली. मास्तरांनी तिला दोष दिला नाही. आई नसलेल्या घरात लेकीनं राहावं तरी कुणाशी बोलत? पण आज ना उद्या पहिलं बाळंतपण येणार होतं, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं. ह्या खेपेला ती आपल्या घरी राहिली तर राहिली. एकदा मांडीवर मूल आलं की बाईचं माहेर दोन दिवसांचं होतं, आणि मग आपण उरलेलं आयुष्य बैलांशी बोलत काढायचं, हे मास्तरांना स्वच्छ कळत होतं.

तर खड्डा खणायच्या आधी त्यांनी जमिनीची परीक्षा घेतली. पुस्तकात तसं सांगितलंच होतं. हातभर खोल खड्डा घ्यावा, पाणी ओतावं, आणि किती वेळात मुरतं ते घड्याळ लावून पाहावं. वैशाख महिना होता. जमिनीला अशा भेगा पडल्या होत्या की कोपरापर्यंत हात आत जाई. मास्तरांनी पंधरा घागरी ओतल्या. पंधराव्या घागरीचं पाणीसुद्धा बघता बघता नाहीसं झालं.

सिद्धप्पा बांधावर उकिडवा बसून हे बघत होता. त्याच्या आज्यापासूनची ती जमीन, त्यातलाच तुकडा मास्तरांनी विकत घेतला होता.

"मास्तर, ह्ये कशापायी वततासा म्हनायचं?"

"पाणी मुरतं का बघतोय. बघ, पंधरा घागरी! अर्धा तासही लागला नाही."

"आत्ता पिनारच की ती. तान लागलिया तिला." सिद्धप्पानं मातीचं ढेकूळ हातात घेऊन चुरलं. "पर ही काळी हाय. भादव्यात पानी पिऊन फुगली की हिची दातखीळ बसती. मग थेंब आत घेत न्हाय. आमी जुंदळ्याचं पेव काडतो ते वर मुरमात काडतो, हितं न्हाय. हितं काडलं तर दाना कुजंल."

"घड्याळ खोटं बोलत नाही, सिद्धप्पा."

"घड्याळ कशाला खोटं बोलंल? म्हैना चुकलाय तुमचा."

मास्तर हसले. धान्याच्या पेवाचं आणि सेप्टिक टँकचं काय नातं, हे त्याला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी वहीत वेळ टिपून घेतली आणि गवंड्याला खड्डा खणायला सांगितला.

पहिल्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. सिद्धप्पाची बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली आणि मास्तरांची टाकी मात्र बिनतक्रार चालली. कुणी भेटायला आलं की मास्तर आधी त्याला मागं न्यायचे, बादलीभर पाणी भांड्यात ओतून दाखवायचे आणि मग चहा विचारायचे. तीन मैल तंगडतोड करून आलेले जुने सहकारी ते पाणी गेलेलं बघत, मान डोलावत, आणि पुन्हा येत नसत.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे चौतीस साली, मालतीचं पत्र आलं. सातवा लागला होता. यशोदामावशीनं स्वतः येऊन मास्तरांना सांगितलं, "भावोजी, पोरीला माझ्याकडं ठेवू. माझ्याकडं घरात तीन बायका आहेत. तुमच्याकडं बाईमाणूस कोण?"

"बाईमाणूस ठेवतो. तुझ्याकडं टोपली आहे, यशोदा. मी तिला तिथं ठेवणार नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढलाच. यशोदामावशीला बहिणीचं मरण आठवलं असावं. तिनं पदर सावरला आणि ती घरी निघाली.

मास्तरांनी मैंदर्गीची काशम्मा तीन महिन्यांसाठी आणून ठेवली. बाळंतपणं काढण्यात तिचा हातखंडा होता. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची, आणि दोन्ही मोठ्यांदा. गौरी उठल्यावर मालती आली. मास्तर स्टेशनवर टांगा घेऊन दीड तास आधीच जाऊन बसले होते.

पुढचे दहा-बारा दिवस मास्तर हवेत होते असं म्हटलं तरी चालेल. सकाळी बांगड्या वाजल्या की ते जागे होत आणि मुद्दाम अंथरुणात पडून राहत, आवाज ऐकत. ताटात गरम भाकरी पडे. काशम्मा न्हाणीत पाण्याचे हंडे उपसून मालतीला तेल लावून न्हाऊ घाली, तिचं कानडी गाणं घरभर घुमे. मालतीनं मागचा तो पांढराशुभ्र थाट पाहिला आणि म्हणाली, "अण्णा, आमच्या पुण्याच्या घरीसुद्धा असलं नाही हो!" त्या दिवशी मास्तर दोन घास जास्त जेवले. दुपारी ते दोघं ओसरीवर बसत, ती कुंची शिवायची आणि ते पेपर वाचून दाखवायचे. आईचा विषयही एकदा निघाला, आणि दोघांनाही रडू आलं नाही. घरात माणूस असणं म्हणजे काय ते मास्तर पाच वर्षांत विसरून गेले होते.

मग हस्त लागला. सोलापूरचा पाऊस आषाढ-श्रावणात लोकांच्या तोंडाला पानं पुसतो आणि हस्तात येतो तो मागची सगळी कसर काढून. तीन दिवस आणि तीन रात्री आभाळ उघडलं नाही. रानातल्या भेगा मिटल्या, मग जमीन फुगली, मग वर पाणी साचून राहिलं. मास्तरांना पावसाचं कौतुक वाटत होतं. सिद्धप्पाची ज्वारी साधणार म्हणून ते खूष होते.

चौथ्या दिवशी सकाळी मागून काशम्माची आरोळी आली. "अय्यो शिवा! मास्तर, या की लवकर! भांडं भरून वर यायलंय बघा!"

मास्तर धावले. भांड्यात बुडबुडे येत होते. काळं पाणी काठापर्यंत आलं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते काठावरून फरशीवर उतरलं. न्हाणीच्या मोरीतूनही तेच. ती मोरीही त्याच टाकीला जोडलेली होती. घरभर अशी दुर्गंधी सुटली की मालती ओसरीच्या टोकाला जाऊन उलट्या करू लागली.

मास्तरांनी शोषखड्ड्यावरची फरशी सरकवली. खड्डा तोंडोतोंड भरलेला. जमीन पाणी घेत तर नव्हतीच, उलट चारी बाजूंनी खड्ड्यात सोडत होती. पुस्तकातल्या आकृतीत पाणी नेहमी एकाच दिशेला जात होतं, बाणाच्या दिशेला. उलट्या दिशेचा बाण कुणी काढलेला नव्हता.

त्यांनी कानाला जानवं लावलं, धोतराचा काचा मारला आणि बादलीनं खड्डा उपसायला घेतला. दोन्ही हातांत बादल्या, पाय घोट्याच्या वर चिखलात, आणि पाऊस डोक्यावर. साठाव्या वर्षी ते काम झेपणारं नव्हतं. दुपारपर्यंत त्यांनी खड्डा निम्मा केला. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा खड्डा पुन्हा भरला होता.

दुसऱ्या दिवशी तेच. सिद्धप्पा बांधावरून आला. त्याला बघून मास्तरांनी मान खाली घातली. आता हा म्हणणार, सांगितलं होतं की! पण सिद्धप्पानं खड्ड्यात वाकून बघितलं. तो घरी गेला आणि मोठा पोहरा घेऊन आला. दोघांनी मिळून पार अंधार पडेपर्यंत उपसलं.

"उंद्या परत भरनार हाय, मास्तर," जाताना तो एवढंच म्हणाला. "जमीन सोडायची न्हाय आत्ता."

तिसऱ्या दिवशी मास्तर भर पावसात गावात गेले. चौपाडातल्या त्यांच्या जुन्या घराचा संडास वीस वर्षं मायाक्कानं साफ केला होता. घर सोडताना मास्तरांनी तिला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, मायाक्का, आता माझ्या घरी तुला हे काम करावं लागणार नाही. आज ते तिच्याच दारात छत्री धरून उभे होते.

मायाक्कानं सगळं ऐकून घेतलं. "तितं म्युनिसिपालटीची हद्द न्हाय, मास्तर. मुकादम सोडायचा न्हाय मला." मग जरा थांबून म्हणाली, "आनि सोडलं तरी काय करू? पावसाचं पानी टोपलीत मावतंय व्हय?" ती खरंच विचारत होती.

ते परत आले तेव्हा ओसरीवर काशम्मा कपाळ बडवून घेत होती आणि मालती खांबाला टेकून बसली होती, कमरेपर्यंत काळी. घरातला संडास बंद म्हटल्यावर ती तांब्या घेऊन रानात गेली होती. काळ्या मातीत एकदा पाय गेला की ती सोडत नाही. पाय रुतला, दुसरा घसरला, आणि ती पोटावर पडता पडता हातांवर पडली. काशम्माची हाक ऐकून सिद्धप्पा आणि त्याची बायको धावले, तेव्हा कुठं ती निघाली. एक चप्पल रानातच राहिली.

"काही झालं नाही हो, अण्णा," मालती म्हणाली. ती हसली, पण तिचे दोन्ही हात पोटावर होते.

मास्तरांनी हातातली छत्री खाली ठेवली. एकीला अकरा पावलांनी नेलं होतं. आता दुसरीला ते स्वतःच्या हातांनी असल्या चिखलात उभी करून बसले होते, आणि कशासाठी, तर आपल्याला घरात बांगड्या वाजायला हव्यात म्हणून! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सिद्धप्पा, गाडी जुंप," ते म्हणाले. "हिला चौपाडात मावशीकडं पोचवायचंय."

"अण्णा, चार दिवसांत पाणी उतरेल. मी राहते की," मालती म्हणाली.

"उतरल्यावर ये. आधी जा. आणि तिथं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस. काशम्मा, हिला थेंब देऊ नकोस न उकळता. शपथ आहे तुला."

गाडी गेली. काशम्माही सोबत गेली. मास्तर घरात आले, ओसरी धुतली, अर्धवट शिवलेली कुंची ट्रंकेत ठेवली आणि न जेवता बसून राहिले.

आता पुढची गोष्ट ऐका. मास्तर म्हणजे मास्तरच. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एका काठीवर खुणा केल्या आणि रोज सकाळी ती खड्ड्यात सोडून पाणी मोजायला लागले. पहिले दोन दिवस काही फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी पाणी बोटभर उतरलं. पाऊस अजून पुरता थांबला नव्हता, तरी उतरलं. चौथ्या दिवशी आणखी बोटभर. आठवड्यानं भांडं मोकळं झालं. मास्तरांनी बादलीभर पाणी ओतलं, ते निमूट गेलं.

त्यांना क्षणभर आनंद झाला. आता मालतीला निरोप धाडावा म्हणून ते पायांत चप्पल घालायला लागले, आणि एक पाय घालून तसेच उभे राहिले.

त्यांनी वही उघडली आणि हिशेब मांडला. आपण एकटे दिवसाला किती बादल्या वापरतो, तर पाच. तेवढं पाणी ही जमीन कशीबशी घेत होती. घेऊन वर बोटभर मागचंही जिरवत होती. मालती आणि काशम्मा असताना किती लागायचं? न्हाणं, धुणं, काशम्माचे हंडे. चाळीस बादल्यांच्या खाली नाही. उद्या बाळ झालं की त्याची दुपटी, बाळंतिणीचं दोन वेळचं न्हाणं. खड्ड्याच्या विटांत चिकणमाती बसली होती, ती आता उन्हाळ्यापर्यंत सुटणार नव्हती. चार दिवसांत टाकी पुन्हा घरात आली असती, आणि ओली बाळंतीण काही गाडीत घालून हलवता येत नाही.

म्हणजे टाकी नादुरुस्त नव्हती. ती उत्तम चालत होती. एका माणसासाठी. मागच्या वर्षी चालली ती पाऊस नव्हता म्हणून जेवढी, तेवढीच घरात कुणी नव्हतं म्हणून. मास्तरांनी ते गणित तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, आणि मग वहीवर डोकं टेकून ते रडले. रुक्मिणीबाई गेल्या तेव्हाही असे रडले नव्हते.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी ते चौपाडात गेले. यशोदामावशीकडं गजबज होती. तिची सून पोहे कांडत होती, शेजारच्या दोघी भाजी निवडायला म्हणून येऊन बसल्या होत्या, काशम्माचं कानडी ऐकून सगळ्या खिदळत होत्या. मधे मालती पाटावर बसलेली, केसांत शेवंतीची वेणी, गाल भरलेले. चुलीवर पाण्याचं पातेलं उकळत होतं. काशम्मानं शपथ पाळली होती. मास्तर दारात आले तशी मालती उठून उभी राहिली.

"बसा, भावोजी," यशोदामावशी म्हणाली. "काय म्हणते तुमची टाकी? गेलं का पाणी आल्या वाटेनं?"

सगळ्या हसल्या. एरवी मास्तर भडकले असते.

"अण्णा," मालतीनं त्यांना पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "उतरलं का हो पाणी? उतरलं असेल तर मी येते. तुम्हीच म्हणाला होता ना, उतरल्यावर ये. मावशीला वाईट वाटलं तरी चालेल."

तिनं ते मनापासून म्हटलं होतं. तिनं आता लगेच गाठोडं बांधलं असतं, त्या ओसरीवर येऊन दिवसभर बसली असती, आणि बापाला बरं वाटावं म्हणून हसली असती. मास्तरांनी पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

"छे गं, कसलं उतरतंय!" ते म्हणाले. "तोंडोतोंड भरलीय अजून. सगळी फसगत झाली. सिद्धप्पा आधीच सांगत होता, पण ऐकतो कोण? तू इथंच राहा. तिथं यायचं मनातसुद्धा आणू नकोस."

एकतीस वर्षांत मास्तरांनी आपली चूक अशी चारचौघींत कबूल केली नव्हती. आता केली ती खोटीच. मालतीच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. तो सुटलेला दिसू नये म्हणून तिनं खाली बघितलं, पदर सारखा केला, पण बापाला दिसायचं ते दिसलं.

"मग तुम्ही एकटेच उपसता का हो रोज?" तिनं विचारलं.

"उपसतो की. सवय झालीय." मास्तर उठले आणि छत्री शोधू लागले. आभाळ निरभ्र होतं, छत्री त्यांनी आणलीच नव्हती. "चल, येतो मी. उशीर केला तर वर येतं सगळं."